गुरुवारचा सेट

सकाळचे साडेनऊ. घोडबंदर रोडवरच्या शूटिंगच्या बंगल्याबाहेर जनरेटर सुरू झालाय. स्पॉटदादा चहाचा ट्रे सांभाळत केबल ओलांडतोय आणि निर्मात्या ताई मेकअप रूमच्या दारात उभ्या राहून लेखकाशी फोनवर बोलतायत. नायिका तापाने फणफणलीय. तयार एपिसोडच्या बँकेत एकच शिल्लक.

"लग्नाची बोलणी पुढे ढकल," ताई म्हणतात. "आज आजोबा आणि सुनेचे सीन दे. नायिकेला फोनवर ठेव, आवाज नंतर डब करू."

तासाभरात पानं व्हॉट्सअॅपवर येतात. सहायक दिग्दर्शक प्रिंट काढून वाटत सुटतो. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये साधारण बावीस मिनिटांचा मजकूर लागतो, बाकी जाहिराती. हा रोजचा रतीब चुकवून चालत नाही.

१९९९ मध्ये अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली, त्या सुमारास ताई कंटिन्यूइटी लिहायला या धंद्यात आल्या. ती नजर अजून तशीच आहे. शॉट लागतो आणि त्या मॉनिटरवर बोट ठेवतात. "मंगळसूत्र पदराच्या आत होतं की बाहेर?" ड्रेसवाला मोबाइलमधला कालचा फोटो दाखवतो. बाहेर होतं. सून मंगळसूत्र बाहेर काढते, दिग्दर्शक पुन्हा "रोलिंग" म्हणतो.

निर्माता म्हणजे पैसे लावणारा, असं घरोघरी समजतात. पैसे लागतातच. चॅनल एपिसोडमागे ठरलेली रक्कम देतं, पण बिल लावल्यावर ती हातात पडायला महिने जातात. कलाकारांनाही मानधनासाठी बहुतेक ठिकाणी ९० दिवस थांबावं लागतं. लाइटमन आणि स्पॉटदादांना मात्र इतकं थांबवता येत नाही, त्यांचं घर रोजच्या कमाईवर चालतं. मधली खिंड ताई कर्ज काढून लढवतात. मालिकांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा इथे दिवसभर उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचे आकडे येतात. रेटिंग घसरलंय. ताई दिग्दर्शकाला बाजूला घेऊन सांगतात. कलाकारांना कळू देत नाहीत. लगेच चॅनलचा फोन. आजोबांचा ट्रॅक गुंडाळा, खलनायिका आणा.

ताई आवाज चढवत नाहीत. "पंधरा दिवस द्या. आजचा सीन बघा, मग ठरवा."

आजोबांचं काम करणारे ज्येष्ठ नट शेजारीच खुर्चीत संवाद पाठ करतायत. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. सीन लागतो. सुनेने पुढे केलेलं औषध ते घेतात, पण तिच्याकडे पाहत नाहीत. बराच वेळ नुसती बाटली हातात फिरवतात. लिहिलेल्या पानात हे नाही. दिग्दर्शक "ओके" म्हणतो.

"हा पॉज एडिटमध्ये कापू देऊ नका," ताई त्याला बजावतात, आणि कॉलशीट उघडून विचारतात, "पुढचा सीन कुठे, किचन ना? लाइट हलवा."