पोटगी : हुकूम आणि वसुली

‘पोटगी’ हा शब्दच मुळी कृपण आहे. पोटापुरते टाकले की संपले, असा त्याचा ध्वनी. जुन्या कागदपत्रांत याच अर्थी ‘अन्नवस्त्र’ म्हणत. त्यात निदान वस्त्राची तरी आठवण होती. आज न्यायालय पोटगी ठरविताना राहते घर, औषधपाणी, मुलांची फी आणि संसारात असताना बाई ज्या बेताने राहत होती तो बेत, इतके सारे ध्यानात घेते. शब्द मात्र पोटापाशीच थांबला आहे, आणि आपणां पुष्कळांची समजूतही तेथेच थांबली आहे.

कायद्यालाही तेथून हलावयास काळ लागला. १८९८ च्या फौजदारी संहितेत पोटगीला कमाल मर्यादा होती. १९५५ साली ती महिना शंभरावरून पाचशे रुपयांवर नेली. तेव्हा पुष्कळ कारकुनांना तेवढा पगारही नव्हता. पण १९७३ च्या नव्या संहितेतही आकडा तोच राहिला, आणि थेट २००१ साली मर्यादा उठेपर्यंत राहिला. शेहेचाळीस वर्षांत धान्य, भाडे, शाळेची फी सगळे चढले. पाचशे तेवढे जागचे हलले नाहीत! १९७३ च्या संहितेने एक मोठे काम मात्र केले. घटस्फोटित व पुनर्विवाह न केलेली स्त्री तिने या कलमापुरती ‘पत्नी’ मानली. तोवर घटस्फोट झाला की हा आधार सुटत असे. हेच ते कलम १२५. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे. ते धर्म विचारीत नाही. मुसलमान घटस्फोटितेलाही ही वाट मोकळी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली पुन्हा स्पष्ट केले.

दुसरी वाट दिवाणी. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यात कलम २४ हे खटला चालू असेपर्यंतच्या खर्चाचे आणि २५ हे कायमच्या पोटगीचे. येथे नवऱ्यालाही अर्ज करता येतो. हे सांगितले की सभेत हशा पिकतो. पण अंथरुणाला खिळलेला नवरा आणि मिळवती बायको अशीही घरे असतात. रक्कम दरमहा घ्यावी की एकदम, हा प्रश्न वडीलमंडळी ‘एकदाची कटकट मिटू दे’ म्हणून चटकन् निकालात काढतात. मला ती घाई बरी वाटत नाही. कलम २५ प्रमाणे न्यायालय दरमहाच्या रकमेसाठी नवऱ्याच्या घरा-जमिनीवर बोजा ठेवू शकते, ही गोष्ट फार थोड्यांच्या कानी गेलेली असते. आणि मुलांचा हक्क हा त्यांचा स्वतःचा. आईने ‘मला काही नको’ असे लिहून दिले म्हणून तो बुडत नाही.

आता रक्कम ठरते कशी? पगाराचा तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा, असे जे बोलले जाते ते या दोन्ही कायद्यांत कोठेही लिहिलेले नाही. बायको शिकलेली आहे एवढ्याने तिचा अर्ज फेटाळला जात नाही. मिळविण्याची पात्रता निराळी आणि प्रत्यक्ष मिळकत निराळी. पूर्वी नवरा उत्पन्न लपवी, बायको ते फुगवून सांगे, आणि न्यायाधीश अंदाज बांधीत. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ही रीत मोडली. दोघांनीही मिळकत, मालमत्ता आणि कर्ज यांचे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू व्हावयाची. त्यामुळे तारखा लांबविण्यातला नफा पुष्कळ कमी झाला.

पण हुकूम हाती आला म्हणजे पैसा आला नव्हे. माझ्या मते खरी फसगत येथे होते. संहितेखालील थकबाकीसाठी वॉरंट हवे असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. समजा, महिना आठ हजारांचा हुकूम झाला, नवऱ्याने छदामही दिला नाही, आणि ‘आज ना उद्या देईल’ म्हणून बाई अडीच वर्षे थांबली. मग ती न्यायालयात गेली, तर या वाटेने मागच्या बारा महिन्यांचेच पैसे मागता येतील. आधीच्या अठरा महिन्यांचे एक लाख चव्वेचाळीस हजार तिच्या चांगुलपणात गेले. वेळेत अर्ज केला, तर जप्ती होऊ शकते, आणि तरीही बाकी राहिली तर थकलेल्या दर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद. ‘मी तुरुंगात जाऊन आलो, आता फिटले’ असे म्हणणारे नवरे आहेत. त्यांचे काही फिटलेले नसते. कैद ही वसुलीची तजवीज आहे, पैसे तसेच देणे राहतात.

वकिलाच्या फीला भिऊन थांबण्याचे तर कारणच नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही स्त्रीला, तिची मिळकत न विचारता, फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. बरोबर हुकुमाची नक्कल आणि कोणत्या महिन्याचे किती आले, किती राहिले, याची तारीखवार वही न्यावी.