तानपुरा लावा, आवाज तुटला की हात वर करा

"बिघाड खोक्यात नाही, हवेत आहे." पुण्याच्या शनिवार पेठेतल्या एका ओळखीच्या काकांना त्यांच्या दुरुस्तीवाल्या बाईंनी हे फोनवर सांगितलं आणि काकांनी ते चिडून मला ऐकवलं. मला मात्र वाक्य आवडलं. दुरुस्तीच्या धंद्यात हवेला दोष देऊन भागत नाही. कपॅसिटर फुगला, आयसी उडाला, ड्राय सोल्डर झालंय, असं काहीतरी बोट ठेवून दाखवावं लागतं, तेव्हा कुठे गिऱ्हाईक खिशात हात घालतं. हवेकडे बोट दाखवून चारशे रुपये व्हिजिट घेणारी बाई नेमकं करते काय, हे बघायला त्या येणार होत्या त्या संध्याकाळी मीही जाऊन बसलो.

काकांचं दुखणं असं. त्यांच्याकडे आयुष्यभर जमवलेल्या मैफलींच्या कॅसेटी होत्या. परदेशी जाण्याआधी नातवाने त्या सगळ्या संगणकावर उतरवल्या, हार्ड डिस्कवर भरल्या आणि टीव्हीमागे एक खोकं बसवून दिलं. खोकं म्हणजे रास्पबेरी पाय ४, पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक. त्यात लिब्रइलेक नावाची फुकट प्रणाली आणि तिच्यावर चालणारं कोडी हे गाणी-व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर. हे कोडी २००२ साली एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी हौशी मंडळींनी लिहायला घेतलं, २०१४ साली त्याला आत्ताचं नाव मिळालं आणि आज जगभर लोक आपापल्या घरी अशी खोकी त्याच्या जोरावर उभी करतात. काकांना यातलं काही ठाऊक नाही. रिमोटवर चार बटणं दाबली की किशोरीताई आमोणकरांचा भूप राग लागतो, एवढं त्यांना पुरतं.

अडचण रात्रीची. काकू दहाला झोपतात आणि काकांचं ऐकणं दहाला सुरू होतं. म्हणून ब्लूटूथ हेडफोन आले. तेव्हापासून गाणं मध्येच तुटतं, अर्धा सेकंद गप्प होतं, पुन्हा सुरू होतं. "आणि नेमकं तानेतच तुटतं," काकांनी निकाल दिला. "आलापात कधी नाही."

बाई, त्यांना सगळे ताईच म्हणतात, चाळिशीच्या. वडिलांचं बुधवार पेठेत, तपकीर गल्लीजवळ, रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. ते आता या चालवतात. दुकानात रोझिनचा वास अजून आहे. कुठेही सोल्डरिंग चालू नसलं तरी तो भिंतीतून येतो. वडील म्हणे नाकाने दुरुस्ती करायचे, जळलेला रेझिस्टर वासावर ओळखायचे. "ब्लूटूथला वास नाही," ताई म्हणाल्या. "म्हणून लोकांना वाटतं मी काहीच करत नाही."

आल्याआल्या त्यांनी दोन गोष्टी केल्या. हेडफोन स्वतःच्या मोबाइलला जोडून काकांच्या खुर्चीत बसून ऐकले: ठीक. मग खोक्याला तारेने एक लहान स्पीकर जोडून तीच फाइल लावली: ठीक. हेडफोन चांगला, फाइल चांगली, खोकं चांगलं. उरली ती मधली आठ-नऊ फुटांची हवा. फोनवर त्यांनी सांगितलं होतं ते एवढंच होतं.

तेवढ्यात नातवाचा व्हिडिओ कॉल आला. मुलगा हुशार आहे, शंकाच नाही. हेडफोन चुकून फोनवर बोलायच्या प्रोफाइलमध्ये जोडला गेला असेल, असं त्याने सुचवलं. ताईंनी ते आधीच बघितलं होतं. तसं असतं तर आवाज एकेरी आणि पत्र्यासारखा आला असता, तुटला नसता. मग तो म्हणाला, "नवीन हेडफोन घेऊन टाका ना, आजोबा." ताईंनी उत्तर दिलं नाही. दुरुस्तीला बसलेल्या माणसासमोर 'घेऊन टाका' म्हणणं मला उद्धट वाटतं, पण हल्ली ते सगळेच म्हणतात.

आता त्यांचं खरं काम सुरू झालं. त्यांनी किशोरीताई बंद केल्या, हार्ड डिस्क काढून बाजूला ठेवली आणि पिशवीतल्या पेनड्राइव्हवरून नुसत्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग खोक्याच्या मेमरी कार्डावर घेऊन लावलं. गाण्यात गायक श्वास घेतो, थांबतो, समेवर येऊन विसावतो. तिथे आवाज तुटला तर कळतही नाही. तानपुरा अखंड वाजतो. त्याला पडलेलं भोक लपत नाही. "हेडफोन घाला, घरभर फिरा. आवाज तुटला की हात वर करा," ताई म्हणाल्या. काका उठले आणि चालू लागले.

ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. लेंगा-बनियनमधला ऐंशीच्या घरातला माणूस, कानावर काळ्या वाट्या, हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत. घरात चिटपाखराचा आवाज नाही, आणि मध्येच शाळेतल्या पोरासारखा हात वर. ताई स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. त्यांचं लक्ष फक्त त्या हाताकडे.

पहिला हात देवघराच्या दारात वर झाला. काका खोक्याकडे पाठ करून उभे होते. "वळा," ताई म्हणाल्या. वळले, हात खाली. हेडफोनचा रेडिओ उजव्या वाटीत होता आणि मध्ये काका स्वतः. माणसाचं शरीर बहुतांश पाणी, आणि या लहरी पाण्यात जिरतात. दुसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा काकूंनी दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावला होता. मायक्रोवेव्ह चालतो सुमारे २४५० मेगाहर्ट्झवर आणि ब्लूटूथचा मुक्काम २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. भट्टीतून जराशी गळती झाली तरी शेजाऱ्याला त्रास.

या पट्ट्याची गोष्ट सांगायला हवी. कमी ताकदीच्या उपकरणांनी तो वापरायचा तर परवाना लागत नाही. भारतात तसे नियम जानेवारी २००५ मध्ये निघाले. परवाना नाही म्हणजे सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हणजे गर्दी: वायफाय, वायरलेस माउस, दारावरची बेल, शेजारच्या पोराचा ड्रोन. जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या या इमारतीत ताईंनी मोबाइलवर वायफायची नावं मोजली तर पंचवीसच्या वर निघाली. दिवाळीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रस्त्यावर जी अवस्था असते, ती तिथे रोज रात्री दहाला असते.

ब्लूटूथने या गर्दीवर काढलेला उपाय म्हणजे उड्या. पट्ट्याचे ७९ कप्पे केलेले आहेत आणि पाठवणारा व ऐकणारा दोघंही ठरलेल्या क्रमाने एका कप्प्यातून दुसऱ्यात उडी मारत राहतात. "सेकंदाला १६००," ताई म्हणाल्या. हा आकडा त्यांच्या वडिलांना खरा वाटला नव्हता म्हणे. संध्याकाळभर तो आकडा येत राहिला. चहा पिताना: "१६०० उड्या, तरी ठेच लागते." काकांना समजावताना: "१६०० पैकी दोन-चारशे चुकल्या तरी कळत नाही, पण ओळीने चुकल्या की संपलं." मला १६०० ची भुरळ पडलेली बघून मग त्यांनीच ती जरा उतरवली. संगीताची मोठी पाकिटं पाठवताना ब्लूटूथ तीन किंवा पाच टप्पे एकाच कप्प्यात काढतो, त्यामुळे प्रत्यक्षात उड्या पुष्कळ कमी. १६०० ही कमाल.

ज्या कप्प्यात गोंगाट आहे तो टाळायचं शहाणपण ब्लूटूथला २००३ पासून आहे. पण नियमाने किमान २० कप्पे तरी वापरावेच लागतात. हिशेब करा. एक वायफाय साधारण २० मेगाहर्ट्झ अडवतं, म्हणजे २० कप्पे. इमारतीतली बहुतेक राउटरं १, ६ आणि ११ या तीन चॅनेलांवर असतात. साठ गेले. उरले एकोणीस.

पुण्याहून ऐंशीएक किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. गोविंद स्वरूप यांनी ती तिथे उभी केली, त्यात एक मोठं कारण माणसाने केलेला रेडिओ गोंगाट तिथे कमी हे होतं. तिचे पट्टे वेगळे, ब्लूटूथशी तिचं भांडण नाही. पण गोंगाटापासून दूर जाण्याची ती चैन शनिवार पेठेला नाही. इथे ज्याने त्याने आपल्या घरातला गोंगाट कमी करायचा.

ताईंची पद्धत एका वाक्याची आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खोक्याचं वायफाय बंद केलं आणि राउटरपासून लॅनची केबल ओढली. रास्पबेरी पायमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपमध्ये असतात, अँटेनाही एकच. एक गप्प झालं की दुसऱ्याला मोकळीक. काका पुन्हा फिरले. हात कमी वेळा वर झाला, पण झाला. नातवाने हौसेने बसवलेली ॲल्युमिनियमची केस काढली, कारण धातूच्या पेटीत रेडिओ कोंडला जातो. आणखी सुधारणा. मग बराच वेळ हात वर गेलाच नाही. काका म्हणाले, "झालं की!" ताई म्हणाल्या, "आता तुमची डिस्क लावते."

निळ्या छिद्रात हार्ड डिस्कची पिन गेली, डिस्कवरची फाइल सुरू झाली आणि खोक्यापासून चार फुटांवर उभ्या असलेल्या काकांचा हात वर झाला. खाली आला, पुन्हा वर.

हे मला माहीत नव्हतं आणि बहुतेकांना नसतं. निळं छिद्र यूएसबी ३ चं. त्यातून सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगाने माहिती जाते, आणि त्या वेगाचा जो रेडिओ कचरा केबलीतून व जोडणीतून बाहेर सांडतो तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही पडतो. इंटेलनेच २०१२ साली यावर शोधनिबंध काढला होता. म्हणजे इतके दिवस काकांचं गाणं जिच्यावर साठवलं होतं, तीच डिस्क ते गाणं तोडत होती; शेजारपाजारचे पंचवीस राउटर केवळ साथीदार.

उपाय बघून हसू आलं. ताईंनी पिन निळ्या छिद्रातून काढली आणि शेजारच्या काळ्यात घातली. काळं म्हणजे यूएसबी २, सेकंदाला ४८० मेगाबिट. गाण्याला, अगदी उत्तम प्रतीच्या फाइललासुद्धा, मोजके मेगाबिट पुरतात. वर खबरदारी म्हणून ब्लूटूथची वेगळी चिमुकली डोंगल मीटरभर एक्स्टेंशन केबलवर टीव्हीच्या पुढे आणून चिकटवली. काका घरभर फिरले, देवघरात पाठ करून उभे राहिले, मायक्रोवेव्हशेजारी मुद्दाम उभे राहिले. मायक्रोवेव्हपाशी एकदा हात अर्धा वर येऊन थांबला. ताई म्हणाल्या, "तेवढं दूध नऊला तापवा."

एक गोष्ट मात्र सुटली नाही. ताईंनी काकांना सांगितलं की ब्लूटूथला तान आणि आलाप यांत फरक कळत नाही. आवाज दाबून पाठवायच्या नेहमीच्या एसबीसी पद्धतीत दोन्हीला सेकंदाला सारखेच, साधारण ३२८ किलोबिट लागतात. तानेत तुटलेलं तेवढं तुमच्या कानाला टोचतं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही हो, तानेतच तुटायचं." ताईंनी वाद घातला नाही. मीही काकांच्या बाजूचा नाही, पण ज्याने चाळीस वर्षं एकच भूप ऐकला आहे त्याला किलोबिट सांगून उपयोग नसतो.

शेवटी त्यांनी एक तबलावादनाचा व्हिडिओ लावला. ब्लूटूथने आवाज पोचायला पाव सेकंदाच्या आसपास उशीर होतो. थाप दिसते आधी, ऐकू येते नंतर. कोडीच्या ऑडिओ ऑफसेटमध्ये आकडा सरकवत, बोट चाटीवर पडणं आणि बोल उमटणं एकत्र येईपर्यंत त्या बघत राहिल्या. दोन मिनिटांचं काम.

निघताना हॉलमधल्या ब्लूटूथ स्पीकरबद्दल काकांनी विचारलं. तो कपाटावर कायम एकाच जागी असतो. ताईंनी त्याला सरळ तार जोडली. हे मला सगळ्यात पटलं. हेडफोन घालून घरात फिरणाऱ्या माणसाला बिनतारी हवंच. कपाटावरून न हलणाऱ्या स्पीकरला ते कशाला? तो ज्या दिवशी तारेवर गेला त्या दिवशी इमारतीच्या हवेतली एक वस्ती कमी झाली.

तुमच्याही घरी असं खोकं असेल आणि गाणं तुटत असेल, तर नवीन हेडफोन मागवण्याआधी डिस्क काळ्या छिद्रात घाला, धातूची केस काढा आणि तानपुरा लावून घरभर फिरा. आणि नवं खोकं बांधायला घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: २०२३ साली आलेल्या रास्पबेरी पाय ५ वर हेडफोनच्या पिनेचं छिद्रच दिलेलं नाही. तारेसाठी यूएसबीचं छोटं साउंड कार्ड वेगळं घ्यावं लागतं; तपकीर गल्लीत ते मिळतं.