गोंगाटाचे मूळ मोजपट्टीत

मालिकेतला संवाद नीट ऐकू यावा म्हणून आपण टीव्हीचा आवाज वाढवतो आणि जाहिरात लागताच तो कमी करायला रिमोट शोधतो. गंमत म्हणजे संवाद आणि जाहिरात या दोन्हींची सर्वोच्च ध्वनिपातळी अगदी सारखी असू शकते. प्रसारणाचे जुने नियम ही शिखरपातळीच तपासत. आपला कान मात्र क्षणिक शिखरावरून आवाजाचा मोठेपणा ठरवत नाही. काही काळ सलग पोहोचणाऱ्या सरासरी ऊर्जेवरून ठरवतो. शिवाय सर्व कंप्रतांना तो सारखी दादही देत नाही. खर्जातला आवाज मधल्या पट्टीतल्या आवाजाइतका मोठा वाटायचा, तर त्याला बरीच जास्त ऊर्जा लागते, हे हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते. यंत्र एक मोजत होते आणि कान दुसरेच. ध्वनिमुद्रणातला आजचा गोंगाट या तफावतीतून वाढला.

तफावतीचा फायदा घेण्याचे साधन म्हणजे कॉम्प्रेसर आणि लिमिटर. ही यंत्रणा मोठे आवाज दाबते आणि मग सगळीच पातळी वर उचलते. शिखर तेवढेच राहते, सरासरी मात्र चढते. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली, तेव्हा तिच्या १६ बिटांच्या नोंदीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावत होते. इतकी ऐसपैस जागा हाती येऊनही पुढच्या दोन दशकांत ती वापरण्याऐवजी प्रत्येक गाणे छतालाच चिकटवण्याची चढाओढ लागली. मेटॅलिका या बँडचा २००८ मधला ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम इतका दाबला गेला, की त्यातला आवाज फाटल्याची तक्रार खुद्द चाहत्यांनी केली. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात आली आणि अधिक स्वच्छ वाटली.

श्रोत्यांनाच मोठा आवाज आवडतो, असे यावर म्हटले जाते. दोन मुद्रणे पाठोपाठ ऐकवली तर किंचित मोठे असलेले सरस वाटते, हे खरे आहे. पण दोन्हींची पातळी समान केली की ही आघाडी टिकत नाही, आणि दबलेल्या मुद्रणाचे तोटे तेवढे उरतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोकलच्या खडखडाटात हळुवार जागा ऐकूच येत नाहीत, तिथे कॉम्प्रेशन उपयोगी पडते. मात्र ही सोय श्रोत्याच्या उपकरणात हवी, मूळ मुद्रणात नको. ख्यालाच्या मुद्रणात अति कॉम्प्रेशन झाले, की गायक थांबताच तानपुरा उसळून वर येतो, समेवरची थाप बोथट होते आणि हळूहळू चढत गेलेल्या बढतीचा चढच नाहीसा होतो. मुद्रणात गमावलेला हा उठाव श्रोत्याला घरी परत मिळवता येत नाही.

उपाय निघाला तो मोजपट्टी बदलून. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे मानक दिले. त्यावर आधारून युरोपीय प्रसारण संघाने २०१० मध्ये कार्यक्रमांच्या सरासरी मोठेपणाची पातळी उणे २३ एलयूएफएस (जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) ठरवली. त्याच वर्षी अमेरिकेने जाहिरातींच्या आवाजाविरुद्ध कायदा केला आणि तो २०१२ च्या अखेरीस लागू झाला. स्पॉटिफाय आज सर्वसाधारणपणे गाणी उणे १४ च्या आसपास आणून वाजवते, म्हणजे जास्त दाबून मोठे केलेले गाणे तिथे सरळ खाली ओढले जाते. दाबून मिळणारी आघाडी संपली. गेलेला उठाव तेवढा पदरात उरला. एखाद्या रॉक गाण्याला दाटलेला, फाटका आवाजच हवा असेल, तर ती कलावंताची निवड आहे आणि ती त्याने जरूर करावी. पण केवळ इतरांपेक्षा मोठे वाजावे म्हणून मुद्रण दाबण्याला आता कोणतेही कारण उरलेले नाही. निर्मात्यांनी हळू आवाजाला त्याची जागा परत द्यावी. मोठा आवाज ज्याला हवा, त्याच्या हातात व्हॉल्यूमचे बटण आहेच.