बारा नखांचे कासव

पावसाळ्यात आम्ही कापूरहोळला नणंदेकडे गेलो होतो. घरात शिरताच भाचा धावत आला, "मामी, बघा काय सापडलंय!" न्हाणीतल्या टबात ताटलीएवढे कासव बसले होते. आदल्या दिवशी भातखाचराच्या बांधावर ते त्याला दिसले आणि त्याने उचलून आणले. टबात चपातीचे तुकडे तरंगत होते. कासवाने त्यांना तोंडही लावले नव्हते.

हे आपल्याकडचे मऊ पाठीचे कासव. याच्या कवचावर कातडी असते. पोटाखाली मागच्या बाजूला दोन झडपा असतात. भ्याले की पाय आत घेऊन ते झडपा मिटते. अमेरिकेतले पेटी कासव तर पोटाचे कवच वर ओढून डबीसारखे पूर्ण बंद होते. भाच्याला वाटले, ते झोपले आहे. खरे तर ते घाबरले होते.

ओढा, तळे, विहीर, भाताचे खाचर हे त्याचे घर. गोगलगायी, बेडूक, मासे, पाणवनस्पती आणि मेलेली जनावरेही ते खाते, म्हणून पाणी नासत नाही. पाणी आटले की चिखलात गाडून घेऊन पावसाची वाट पाहते. टबात ना चिखल, ना ऊन. चपाती-बिस्किटावर ठेवलेल्या कासवाचे कवच कमकुवत होते आणि ते हळूहळू मरते.

खरी गोष्ट पुढेच आहे. संध्याकाळी बाहेरगावचा एक माणूस दारात आला. "नखं किती आहेत? वीस असतील तर लाखात पैसे देतो," म्हणाला. नणंदेचे यजमान गप्प झाले. शाळेची फी थकलेली, घरात कमावते एकटेच. आम्हाला त्यांचा राग आला नाही. गरज माणसाला गप्प करते.

आम्ही म्हटले, "दाजी, आधी नखं तर मोजू." प्रत्येक पायाला तीन, म्हणजे बारा भरली. या जातीला तेवढीच असतात. नखे जातीवर ठरतात, नशिबावर नाही. वीस नखांच्या कासवाने पैशाचा पाऊस पडतो असे सांगणारे स्वतः मात्र पैसा आपल्याच खिशातून उकळतात. चमत्काराच्या नावाखाली फसवणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

दुसरा कायदा १९७२ चा, वन्यजीव संरक्षणाचा. हे कासव आणि पाठीवर चांदण्या असलेले कासव, दोन्ही आज त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पकडणे हीसुद्धा शिकारच धरली जाते. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. विकत घेणारा निसटतो, सापडतो तो गरीब घरातला कर्ता. हे ऐकल्यावर दाजींनी त्या माणसाला वाटेला लावले.

मग वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला आणि कासव कोठे सापडले ते सांगितले. दुसऱ्या दिवशी वनरक्षक आले. भाच्याने जागा दाखवली, तिथेच कासव सोडले. क्षणभर ते थांबले, मान लांब केली आणि पाण्यात गेले. पोराचे डोळे भरून आले. आम्ही म्हटले, "बाळा, तुझं कासव गेलं नाही, घरी गेलं."

मातांनो, दुकानातले लाल कानाचे इवलेसे कासव घेण्याआधीही विचार करा. ते परदेशी आहे, ताटलीएवढे वाढते, वीस-तीस वर्षे जगते. कंटाळून तळ्यात सोडले की आपल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. त्याच्या अंगावरच्या जंतूंनी लहान मुलांना जुलाब-ताप होतो. म्हणूनच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

मुलांना कासव जरूर दाखवा, पण ओढ्याच्या काठावर, दोन हात लांबून. आणि दारात कुणी नखे मोजायला आला, तर त्याला आधी कायदा मोजून दाखवा.