औषधे घोकू नका, त्यांचा नकाशा काढा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बहात्तर वर्षांच्या एका गृहस्थांना त्यांची सून सकाळीच दवाखान्यात घेऊन आली. अंगाला दरदरून घाम, हातांना कंप, बोलणे असंबद्ध. रक्तातील साखर ५४ भरली. मधुमेहाची जी गोळी दिवसातून एकदाच घ्यावयाची, तीच दोन निराळ्या कंपन्यांच्या नावांनी घरात होती आणि त्यांनी दोन्ही घेतल्या होत्या. उपचारांनंतर ते सावरले. तरीही दिवसभर देखरेखीखाली ठेवावे लागले. सुनेने हळूच विचारले, "डॉक्टर, बाबांची स्मरणशक्ती गेली का हो?"

स्मरणशक्ती शाबूत होती. उणीव माझ्या शिकवण्यात होती. औषधे मी तीनदा समजावली, ते दर वेळी मान डोलावत. पण "आता तुम्ही मला सांगा पाहू" असे मी एकदाही म्हटले नव्हते.

वाचकहो, उतारवयात नवे शिकता येत नाही, हा समज आपण प्रथम दूर सारावा. शिकण्याचा वेग मंदावतो, हे खरे. परंतु शिकण्याची क्षमता संपत नाही. पद्धत मात्र बदलावी लागते.

ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केलेला 'माइंड मॅप', म्हणजेच मनाचा नकाशा, येथे उपयोगी पडतो. कोरा कागद आडवा धरा. मधोमध वर्तुळात 'माझी औषधे' असे लिहा. त्यातून प्रत्येक आजारासाठी एक फांदी काढा: मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड. फांदीवर औषधाचे मूळ नाव लिहा, कंपनीने दिलेले नव्हे; मूळ नाव पाकिटावर छापलेले असते, ते सापडले नाही तर औषधविक्रेत्याला विचारा. त्यापुढे वेळ लिहा आणि जेवणापूर्वी की जेवणानंतर, तेही लिहा. शेवटी लाल शाईची एक फांदी काढा: 'थांबा आणि विचारा'. उलट्या होत असतील, जेवण जात नसेल किंवा एकाच मूळ नावाची दोन पाकिटे आढळली, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून पुढे जायचे नाही, असे ही फांदी सांगते.

यादीत आणि नकाशात फरक आहे तो येथेच. यादीत दोन नावे दूरदूर पडतात आणि निराळी भासतात. नकाशात ती एकाच फांदीवर शेजारीशेजारी येतात आणि चूक चटकन डोळ्यांत भरते.

नकाशा काढून भिंतीवर चिकटवला की काम संपले, असे मात्र नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले, की शिकलेले आपण आरंभी झपाट्याने विसरतो. म्हणून उजळणी अंतराअंतराने करावी: त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी, तीन दिवसांनी, मग आठवड्याने. उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. कागद उलटा ठेवून आठवेल तसा नकाशा पुन्हा काढा आणि मग ताडून पाहा. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. आठवड्यानंतर मात्र आठवून पाहणारे पुढे होते. वाचताना सारे येते असे वाटते. खरे किती येते, ते कागद झाकल्यावर कळते.

काळजीवाहकांना एक विनंती. नकाशा आपण काढून देऊ नका. हात थरथरला, अक्षर वाकडे आले, तरी ज्याची औषधे त्यानेच काढावा. चष्मा, उजेड आणि श्रवणयंत्र आधी तपासा. 'विसरलात ना?' असे न म्हणता 'बाबा, मला जरा समजावून सांगा' असे म्हणा. पहिल्या वाक्याने परीक्षा होते, दुसऱ्याने मान राहतो.

दोन गोष्टींचे भान असू द्यावे. नकाशा समजण्यासाठी आहे. रोजची गोळी आठवणीवर विसंबून नव्हे, तर वारांच्या डबीतून आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसारच घ्यावी. आणि ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न वारंवार विचारणे, सवयीची कामे न जमणे, अशी लक्षणे दिसल्यास 'वयच झाले' म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य यांनीही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत.

ते गृहस्थ आता दर तपासणीला नवा नकाशा घेऊन येतात. मी काही सांगण्याआधीच खुर्ची पुढे ओढतात आणि म्हणतात, "बसा डॉक्टर, आज मी सांगतो." आज संध्याकाळी आपणही एक कोरा कागद घ्या. घरातील सारी पाकिटे समोर मांडा आणि पहिली फांदी काढा.