एसजीपीटी वाढलंय, तज्ज्ञांची वेळ मात्र पुढच्या महिन्यात

कात्रज ते सिंहगड हा रात्रीचा ट्रेक करून त्याच आठवड्यात तपासणीसाठी रक्त दिलं असेल, तर डॉक्टरांना आधी ते सांगा. यकृताच्या तपासणीत मोजलं जाणारं एसजीओटी, आणि काही प्रमाणात एसजीपीटीही, दमलेल्या स्नायूंतून रक्तात उतरतं. स्नायूंचं सीपीके वाढलेलं आणि यकृताचं जीजीटी नॉर्मल असेल, तर संशय यकृतापेक्षा पायांवर जास्त.

तज्ज्ञ भेटेपर्यंत दारू पूर्ण बंद, पॅरासिटामॉल विचारूनच. चालू गोळ्या मनाने सोडू नका. टीबीचं औषध सुरू असेल, तर ते देणाऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट त्याच दिवशी दाखवा. जुने रिपोर्टही शोधून ठेवा, आणि घेत असलेल्या औषधांच्या यादीत काढे, चूर्णं, जिमची पावडर सगळं लिहा. ‘आयुर्वेदिकच आहे, त्याने काय होतंय’ इथे चालत नाही. मुंबईतल्या डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला. वाद त्यांचा त्यांना मिटवू दे, तुम्ही तूर्त काढा थांबवा.

डोळे पिवळे, लघवी गडद, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी किंवा बोलण्यात गोंधळ दिसला, तर अपॉइंटमेंट विसरा आणि थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.