अफ्स्पा: गोळीबाराचे कलम आणि मंजुरीचे कलम

सशस्त्र दले (विशेषाधिकार) अधिनियम, 1958, म्हणजे सर्वपरिचित ‘अफ्स्पा’, याविषयी समर्थक आणि विरोधक सारख्याच तावातावाने बोलत असले, तरी त्यांच्या युक्तिवादांत कायद्याचा प्रत्यक्ष मजकूर क्वचितच डोकावतो.

हा कायदा इंग्रजांकडून जसाच्या तसा उचलला, हा समज अर्धाच खरा आहे. ‘चले जाव’ आंदोलन दडपण्यासाठी ऑगस्ट 1942 मध्ये काढलेला वटहुकूम हा त्याचा पूर्वज खराच. परंतु त्या वटहुकुमाने विशेषाधिकार कॅप्टन व त्यावरील हुद्द्याच्या अधिकाऱ्यांपुरते ठेवले होते, तर स्वतंत्र भारताच्या संसदेने ते थेट नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्यांच्या पातळीपर्यंत खाली आणले. या एका बाबतीत परकीय सत्तेचाच हात अधिक आखडता होता.

अफ्स्पा म्हणजे लष्करी राजवट, हेही खरे नाही. कलम 3 नुसार राज्यपाल किंवा केंद्र सरकार एखादा प्रदेश ‘अशांत क्षेत्र’ घोषित करते आणि सैन्य तेथे नागरी सत्तेच्या साहाय्यासाठी येते. न्यायालये, पोलीस आणि निवडून आलेले सरकार आपापल्या जागी राहतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1997 मध्ये कायदा वैध ठरवताना दर सहा महिन्यांनी घोषणेचा फेरआढावा घेण्याचे बंधन घातले. त्रिपुरातून 2015 मध्ये आणि मेघालयातून 2018 मध्ये अफ्स्पा उठलाही. नागालँडमध्ये मात्र मुदतवाढ हाच शिरस्ता झाला.

कलम 4 मुळे जवान कोणालाही गोळी घालू शकतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात समोरची व्यक्ती जमावबंदीचा किंवा शस्त्रबंदीचा आदेश मोडत असावी लागते, सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी बळाचा वापर आवश्यक असल्याचे अधिकाऱ्याचे मत असावे लागते आणि आधी योग्य इशारा द्यावा लागतो. अटक केलेल्या व्यक्तीला कलम 5 प्रमाणे शक्य तितक्या लवकर पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. अर्थात सारी भिस्त अधिकाऱ्याच्या मतावर असल्याने हा अधिकार विस्तृतच आहे.

खरा गुंता कलम 6 चा आहे. त्याने सैनिकांना संपूर्ण अभय दिले, असे दोन्ही बाजू धरून चालतात. पण ते कलम केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीविना खटला चालवता येणार नाही, एवढेच सांगते. मणिपुरातील 1528 कथित बनावट चकमकींविषयीच्या याचिकेवर 2016 मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सैनिकांना सरसकट अभय नसल्याचे स्पष्ट केले. व्यवहार मात्र वेगळा आहे. संसदेत 2018 च्या आरंभी दिलेल्या माहितीनुसार जम्मू-काश्मीरमधून मंजुरीसाठी आलेल्या 50 प्रकरणांपैकी 47 मध्ये ती नाकारली गेली आणि उरलेली 3 प्रलंबित होती. काश्मीरमधील पथरीबल येथे 2000 साली पाच जण मारले गेले, त्या प्रकरणी सीबीआयने लष्करी अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केले. परंतु 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी अनिवार्य असल्याचे सांगून लष्करी न्यायालयाचा पर्याय लष्करापुढे ठेवला, लष्कराने तो स्वीकारला आणि 2014 मध्ये पुराव्याअभावी प्रकरण मिटवले. कायद्यात नसलेले अभय अशा रीतीने मंजुरीच्या टेबलावर तयार होते.

म्हणूनच कायदा रद्द होताच पीडितांना न्यायालयाचे दार उघडेल, ही अपेक्षाही भाबडी ठरते. न्यायमूर्ती जीवन रेड्डी समितीने 2005 मध्ये तो रद्द करण्याची शिफारस केली, पण सैन्याच्या तैनातीसंबंधीच्या तरतुदी बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमात घालण्याचीही सूचना केली. शिवाय कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्यांसाठी केंद्राची पूर्वमंजुरी सर्वसाधारण फौजदारी प्रक्रियेतही लागतेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 218 मध्ये मंजुरीचा निर्णय 120 दिवसांत न झाल्यास ती मिळाली असे मानण्याची नवी तरतूद आली आहे; परंतु ती लोकसेवकांविषयीच्या पहिल्या पोटकलमाखाली आहे, सशस्त्र दलांविषयीच्या दुसऱ्या पोटकलमात अशी कोणतीही मुदत नाही.